कडी काढून ठेवा

मी एक जुना फ्रिज आहे. तसं पाहिलं तर अर्धाच फ्रिज म्हणा ना, कारण मला आता दार नाही. तुम्ही मला पाहिलंत तर म्हणाल, बिचारा, याचं दार कोणी नेलं? पण मित्रांनो, माझी कीव करायची घाई करू नका. ते दार कसं गेलं, ते आधी ऐका.

एका मोठ्या कारखान्यात पत्रा वाकवून आणि ठोकून माझं अंग तयार झालं. त्यावर साईसारखा पांढरा रंग चढवला. थंडी बाहेर जाऊ नये म्हणून माझ्या भिंतींत पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी ठासून भरलं. दार आलं ते सगळ्यात शेवटी. त्याला चकचकीत दांडा होता आणि दांड्यामागे खटक्याची कडी. दार नुसतं ढकललं तरी ती ‘खट्’ करून बसायची. मग बाहेरून दांडा ओढल्याशिवाय ते दार कोणाच्या बापाला उघडायचं नाही. कारखान्यातला तपासनीस प्रत्येक दार लावून त्याचा आवाज कान देऊन ऐकायचा. माझं ‘खट्’ ऐकून तो म्हणाला, “वा! तिजोरी आहे तिजोरी.” माझं ते पहिलं कौतुक. पुढे कित्येक वर्षं मी त्याच एका शब्दावर ताठ उभा होतो.

मला घरी आणलं आत्यानं. ती तेव्हा तरुण होती, टेलिफोनच्या ऑफिसात नुकती लागली होती. त्या गल्लीत फ्रिज असा पहिलाच, त्यामुळे शेजारीपाजारी मला बघायला आले. आत्या दार उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची. “बघा, कसं घट्ट बसतं! मुंगीची टाप आहे का आत शिरायची?” असं प्रत्येकाला सांगायची. मला नावही तिनंच ठेवलं. “दिवसभर एका जागी उभं राहायचं, मधूनच गुरगुरायचं, आणि घरात काही चांगलंचुंगलं आलं की पहिलं याच्यासमोर ठेवायचं. साहेबच आहे हा!” तेव्हापासून मी साहेब झालो.

ते दिवस कामाचे होते. माझ्या पोटात दूध राहिलं, लोणी राहिलं, औषधांच्या बाटल्या राहिल्या. कोणाला ताप आला की कपाळावरच्या पट्टीसाठी बर्फ माझ्याकडचा. आत्याकडेच वाढणारा तिचा भाचा गुडघे फोडून यायचा, त्यालाही बर्फ माझ्याकडचाच. उन्हाळ्यात तो दार उघडून माझ्यापुढे शर्ट फुगवून उभा राहायचा आणि आत्या स्वयंपाकघरातून ओरडायची, “लाव ते दार! साहेबांना सर्दी होईल!”

भाचा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, घरात सून आली. आणि मी खोकायला लागलो. दुरुस्तीवाल्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, कान लावला आणि मान हलवली. काही दिवसांनी माझ्या जागी एक उंच, राखाडी फ्रिज आला. त्याला कडी नव्हतीच. लोहचुंबकाची पट्टी होती म्हणे. आतून बोटानं ढकललं तरी त्याचं दार उघडायचं. मी मनात हसलो. हे काय दार झालं?

आत्यानं मला टाकू दिलं नाही. “असू दे पडवीत, कपाट म्हणून कामाला येईल,” ती म्हणाली. माझ्या जाळ्या काढून ताटं निथळायला घेतल्या. त्यामुळे माझं पोट म्हणजे एक मोठा, रिकामा खण झाला. त्यात खुरपी, दोऱ्या, खताची पिशवी असं काय काय राहू लागलं. मागच्या पडवीत मी एकटा नव्हतो. घरात ज्या वस्तूला जागा नसे, ती ‘तात्पुरती’ पडवीत येई. मोडकी सायकल तात्पुरती आली, भिजलेली गादी तात्पुरती आली, वाळलेल्या रंगाचे डबे तात्पुरते आले. ‘तात्पुरतं’ हा त्या घरातला सगळ्यात टिकाऊ शब्द होता. पलीकडे बागही माजली. लिंबाच्या फांद्या छपरावर टेकल्या आणि कुंपणाच्या झुडपांनी वाट गिळली.

याच घरात सुनेला मुलगी झाली. ती पायांवर उभी राहिली तीच गोल गोल फिरत, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. आणि भिंगरी चालायला लागल्यापासून तिच्या आईच्या डोळ्यांना विसावा राहिला नाही. तिनं टेबलाच्या कोपऱ्यांना चिंध्या बांधल्या. पाण्यानं भरलेली बादली ती घटकाभरही उघडी ठेवत नसे. द्राक्ष चिरून द्यायची, शेंगदाणे द्यायचेच नाहीत. कुठल्याही खोलीत शिरली की आधी खोलीभर नजर फिरवायची. काय कुठे होतं, आता कुठे आहे, काय हललं, हे सगळं तिच्या डोळ्यांना पाठ असायचं.

आत्या आता म्हातारी झाली होती, पण जिभेची धार तशीच. “तुझ्या हातात असतं ना, तर चंद्राच्या कडेलाही चिंधी बांधली असतीस.”

“बांधली असती,” भिंगरीची आई शांतपणे म्हणायची. “पडला तर आपल्याच अंगणात पडेल.”

मग एक दिवस भिंगरीची पोटरी सायकलच्या गंजक्या तारेनं ओरबाडली. जखम बोटभरच होती. पण भिंगरीला इंजेक्शन देऊन आणल्यावर तिची आई पडवीच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिली. एकेका वस्तूकडे तिनं असं पाहिलं, जणू प्रत्येकीच्या पोटात एकेक सुरी लपलेली आहे. मग तिनं तिथूनच फोन लावला. गावात घरातली अडगळ आणि बागेतला कचरा उचलून नेणारे लोक होते. त्यांची स्वतःची गाडी होती, माणसं होती. फोन तिनं मांडीवर ठेवला होता आणि आवाज मोठा केला होता, त्यामुळे त्यांच्या मुकादमाचं बोलणं मलाही ऐकू आलं.

“बागेतला पाला एका बाजूला ठेवा ताई, घरातलं सामान दुसऱ्या बाजूला. रंगाचे डबे निराळे. काचा असतील तर कागदात बांधा. अजून काय आहे?”

“एक जुना फ्रिज आहे. बंद पडलेला.”

“कडीवाला का? मग त्याची कडी काढून ठेवा.”

“कडी काढून ठेवायची. बरं.”

“बरं,” तोही म्हणाला, आणि फोन ठेवला.

आत्या आतून म्हणाली, “पूर्वी माणसं सामान आणायला गाडी बोलवायची. आता न्यायला बोलवतात.” मग जरा थांबून तिनं विचारलं, “साहेबांनाही देणार?”

“आत्या, त्यांचं वय झालं.”

“माझंही झालंय. मला कोणत्या बाजूला ठेवणार, पाल्याच्या की सामानाच्या?”

दोघी हसल्या. पण त्या दिवशी संध्याकाळी आत्या माझ्यापाशी येऊन गेली. माझ्या दांड्यावर तिनं हात ठेवला होता.

गाडी यायच्या दिवशी सकाळी भिंगरीच्या आईनं मला रिकामं केलं. घाणेरडी वस्तू लोकांच्या हातात कशी द्यायची, म्हणून ओल्या फडक्यानं आतून पुसलंही. मी आतून पुन्हा पांढराशुभ्र झालो. मग तिनं दांडा ओढून कडी काढली, दार उघडं केलं आणि वाऱ्यानं ते लागू नये म्हणून पुढे एक फुटकी कुंडी टेकवली.

“साहेबांनी आ का केलाय?” आत्यानं विचारलं.

“कडी काढून ठेवा म्हणालेत ते.”

“कशाला?”

“आत वास कोंडू नये म्हणून असेल.”

“असेल.”

मित्रांनो, दोघीही काही भोळ्या नव्हत्या. एक पदवीधर, दुसरीनं जन्मभर टेलिफोनवर लोकांचं बोलणं जोडून दिलेलं. पण ‘कडी काढ’ हे आपण दिवसातून इतक्यांदा म्हणतो की त्यात विचारण्यासारखं काही आहे, असं कोणालाच वाटलं नाही. मलाही नाही.

गाडी आली. मुकादम आणि त्याचे दोन गडी उतरले. गाडीमागे फांद्यांचा भुगा करणारं एक मशीन बांधलेलं होतं. ते सुरू झालं आणि घराच्या काचा थरथरल्या. भिंगरीच्या आईचा सगळा जीव त्या मशीनकडे लागला. त्याच्या तोंडात फांदी गेली की नुसता चुरा बाहेर यायचा.

“भिंगरी, पुढच्या अंगणात पाऊलसुद्धा टाकायचं नाही. मागे पडवीत खेळायचं. आत्या, हिला सोडू नका हं. मी पुढे उभी राहते.”

“सोडते कशाला? आम्ही लपंडाव खेळतो,” आत्या म्हणाली. “राज्य माझ्यावर!”

“फुटकं ते सगळं न्यायचं ना ताई?” मुकादमानं ओरडून विचारलं.

“सगळं! फुटकं काही म्हणजे काही ठेवू नका!”

तेव्हा एक गडी पडवीत आला. त्यानं फुटक्या कुंड्या टोपलीत भरल्या आणि माझ्या दारापुढची कुंडीही उचलली. ती काही वेगळी दिसत नव्हती. माझं दार अर्धवट उघडं, झुलत राहिलं.

आत्या भिंतीकडे तोंड करून आकडे म्हणू लागली. भिंगरी एकदा गादीमागे गेली, तिथून परत आली. मग तिनं मला पाहिलं. आत पांढरं, स्वच्छ, तिच्या मापाचं घर. ती आत शिरली, गुडघे पोटाशी घेतले, आणि दाराच्या आतल्या कप्प्याला धरून तिनं दार ओढून घेतलं.

खट्.

किती छान बसलं ते दार! तपासनीस असता तर पुन्हा वा म्हणाला असता.

इतक्यात पुढून मुकादमाचा आवाज आला, “आजी, ही आरामखुर्ची मोडकी आहे, टाकू का गाडीत?”

“खबरदार!” आत्या गर्रकन वळली. “मोडकी असेल तुझी! तिचा फक्त एक हात हलतो. माझेही हलतात!” आणि ती खुर्ची वाचवायला तरातरा निघून गेली.

आत भिंगरी हसत होती. तोंडावर हात दाबून, आवाज न करता. आपल्याला कोणी शोधूच शकत नाही, याचा तिला केवढा आनंद झाला होता. मग ती हळूच म्हणाली, “आत्याआजी, मी इथंय.” थोड्या वेळानं तिनं दार ढकललं. पुन्हा ढकललं. पाय लावून ढकललं. मग ती आईला हाका मारू लागली.

ज्या भिंतींनी एवढी वर्षं थंडी बाहेर जाऊ दिली नव्हती, त्यांनी तिचा आवाजही जाऊ दिला नाही. जो काही गेला असेल, तो मशीननं खाल्ला. तिच्या श्वासानं माझं पोट गरम आणि दमट झालं. सकाळी पुसलेल्या भिंतींवर तिचे ओले तळवे उमटत गेले. मी लोखंडाचा आहे, मला हलता येत नाही, ओरडता येत नाही. मला माझी कडी नको होती. मला त्या राखाडी फ्रिजचं, बोटानं ढकललं तरी उघडणारं, ज्याला मी हसलो होतो ते दार हवं होतं.

तिच्या लाथांचा जोर कमी झाला. मग लाथा थांबल्या.

“आत्या, भिंगरी कुठाय?”

“आहे की मागे. लपलीय.”

“कुठे लपलीय?”

“ते मला कळलं तर त्याला लपंडाव कोण म्हणेल?”

“भिंगरी! ए भिंगरी!”

“अगं, हाका मारून ती येणार आहे का? जिंकायला बसलीय ती.”

भिंगरीची आई धावली ती आधी मशीनकडे. “बंद करा! मशीन बंद करा!”

“एवढी एक फांदी झाली की…”

“आत्ता!”

मशीन थांबलं. अशी शांतता पसरली की पानावरून किडा चालला असता तरी ऐकू आलं असतं. तिनं पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. मुकादमानं गाडीखाली वाकून पाहिलं, गड्यांनी पाल्याचा ढीग उपसला. आत्या घरात पलंगाखाली बघू लागली. भिंगरीची आई मात्र पडवीत आली आणि थांबली. तिनं नेहमीसारखी सगळीकडे नजर फिरवली. गादी होती तिथे होती. सायकल होती तिथे होती.

मग तिची नजर माझ्यावर आली.

“हे दार मी उघडं ठेवलं होतं,” ती म्हणाली. कोणाला सांगत होती, कोण जाणे. पुढच्या क्षणी ती माझ्यावर झडप घालून दांडा ओढत होती. घामानं तिचा हात निसटला. तिनं दोन्ही हातांनी धरून ओढलं.

भिंगरी बाहेर कलंडली. केस कपाळाला चिकटलेले, ओठ निळसर, मान सैल. आईनं तिला जमिनीवर घेतलं, तोंडावर तोंड ठेवून फुंकलं, नाव घेतलं, पुन्हा फुंकलं. मुकादम पाणी घेऊन धावत आला आणि तसाच तांब्या धरून उभा राहिला.

आधी एक खोकला आला. मग एक ओढलेला, खरखरीत श्वास. मग भोकाड.

रडता रडता भिंगरी पहिलं वाक्य बोलली ते हे, “आत्याआजीनं मला शोधलंच नाही.”

आत्यानं तोंडाला पदर लावला.

“ताई,” मुकादम म्हणाला, “मी फोनवर सांगितलं होतं ना, कडी काढून ठेवा म्हणून!”

“काढली होती! या हातानं काढली होती!”

“मग ही काय आहे?” त्यानं माझ्या दारातल्या कडीवर बोट ठेवलं.

भिंगरीच्या आईनं त्या कडीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. “म्हणजे… ही उचकटून काढायची होती?”

“मग? पेचकसानं. कडी नसली म्हणजे दार लागतच नाही.”

“तुम्ही ‘काढून ठेवा’ म्हणालात. घराची कडी आम्ही रोज काढतो. सकाळी काढतो, रात्री लावतो.”

मुकादमानं हातातला तांब्या खाली ठेवला. म्हणाला, “मी सगळ्यांना असंच सांगतो.”

“आणि लोक काय म्हणतात?”

“बरं म्हणतात.”

“मीही बरंच म्हणाले.”

मागे उभा असलेला गडी आपल्या हातांकडे बघत होता. “दारापुढची कुंडी मी उचलली,” तो म्हणाला.

भिंगरीला कडेवर घेऊन तिची आई उठली. डॉक्टरकडे जायचं होतं, शेजारणीची गाडी दारात येत होती. पण ती माझ्यापाशी थांबली. “पेचकस आहे का?”

“आम्ही काढतो ताई, तुम्ही निघा.”

“माझ्यासमोर काढा. आणि कडी नुसती नको. दारच काढा.”

बिजागऱ्या गंजल्या होत्या, करकरल्या. दार सुटून जमिनीवर आडवं पडलं तेव्हा भिंगरीनं आईच्या खांद्यावरून मान वळवली. “आई, साहेबांना दुखेल.”

“नाही दुखणार.”

खरंच नाही दुखलं, मित्रांनो. दुखलं ते नंतर. आत्यानं माझ्याकडे न बघताच गड्यांना सांगितलं, “न्या रे याला. आधी याला न्या.” मला हौसेनं घरी आणणारी तीच ती. तिची चूक आहे असं मी म्हणणार नाही.

शेजारणीची गाडी निघेपर्यंत भिंगरीच्या आईचा हात लेकीच्या छातीवरच होता, वर जातोय ना, खाली येतोय ना, बघत. निघताना तिनं काच खाली करून मुकादमाला हाक मारली. “उद्या दुसऱ्या कोणाचा फोन आला, त्यांच्याकडे असा फ्रिज निघाला, तर काय सांगाल?”

“दाराचे स्क्रू काढा, दार वेगळं करा, भिंतीला टेकवून ठेवा.”

“आणि ते ‘बरं’ म्हणाले तर?”

तो जरा गोंधळला. “तर?”

“तर त्यांना विचारा, काय करणार ते मला सांगा. ते सांगतील तेव्हाच फोन ठेवा.”

आता मी गावाबाहेर, भंगाराच्या आवारात आहे. शेजारी तुटके पलंग, गंजलेली गवत कापायची यंत्रं, बाळांच्या जुन्या गाड्या. इथे कोणी कोणाचं कौतुक करत नाही. माझ्या उघड्या पोटात एका मांजरीनं पिल्लं घातली आहेत. ती हवी तेव्हा आत येते, हवी तेव्हा बाहेर जाते. पिल्लंही आता धडपडत माझ्या काठावरून खाली उतरायला शिकली आहेत. भिंगरीचं पुढे काय झालं, ते मला कोण सांगणार? तिचा श्वास नीट चालत असेल, रात्री दचकून उठत नसेल, अशी मी आशा करतो.

मित्रांनो, तुमच्याही घरामागे एखादा ‘तात्पुरता’ फ्रिज असेल, झाकणाची मोठी पेटी असेल. ती न्यायला गाडी येणार असेल. तुम्ही अशा वस्तूत कधी लपू नका, गंमत म्हणूनही नाही. आणि घरातल्या मोठ्यांना सांगा, गाडीची वाट बघू नका, दार आजच काढा. ते ‘बरं’ म्हणतील. तेवढ्यावर सोडू नका. स्क्रू निघेपर्यंत त्यांच्यापाशी उभे राहा.

हे मी घाईनं सांगतोय, कारण आज सकाळी इथे आणखी एक जुना फ्रिज येऊन पडला आहे. कडीवाला, दारासकट. कुठल्या मुकादमानं आणला, ठाऊक नाही. त्याचं दार अर्धवट उघडं आहे आणि वारा सुटला की हलतं. माझ्याकडचं सगळ्यात धीट पिल्लू आत्ता त्याच्या आतला पांढरा रंग हुंगत उभं आहे. आवारात माणसं आहेत, पण पाठमोरी. मला हाक मारता येत नाही. तुम्ही मारा.